छोट्या कॉलेज गावात खरं मेक्सिकन जेवण कसं गाठायचं (अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एम्समध्ये पाच वर्षं खाऊन झाल्यावर)

डेमॉइनच्या एअरपोर्टवरून एम्सला पहिल्यांदा येताना दोन्ही बाजूला फक्त मका होता, मैलोन्‌मैल मका, आणि मी सोलापूरची असल्यामुळे शेत बघून पहिला विचार भाकरीचाच आला, म्हटलं चला ज्वारी नाही तर नाही, मक्याची तरी चांगली मिळेल. कसलं काय. तो मका माणसांसाठी नसतोच, बराचसा डुकरं-गुरांच्या खाद्यात जातो आणि बराचसा इथेनॉलला. म्हणजे ज्या पिकाचा जन्मच मेक्सिकोतला, जवळपास ९००० वर्षांपूर्वी बाल्सास नदीच्या खोऱ्यात एका रानगवतापासून माणसांनी तयार केलेलं पीक, त्याच्या समुद्रात बसून चांगली टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन मक्याची पोळी, शोधायला मला दीड वर्ष लागलं.

मेक्सिकनच का, तर घरची आठवण आली की इंडियन रेस्टॉरंटमधलं केशरी ग्रेव्हीचं पनीर माझ्या काही कामाचं नव्हतं. मला हवी होती भाकरी, ठेचा, काळ्या घेवड्यासारखी काहीतरी उसळ, वर कांदा-कोथिंबीर आणि लिंबू. हे सगळं एका ताटात अमेरिकेत कोण देतं? मेक्सिकन माणूस देतो. फक्त तो ते कॅम्पससमोरच्या दुकानात देत नाही.

दर ऑगस्टला नवीन मुलं हेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. उदाहरणं आयोवाची आहेत कारण मी तिथे राहिले, पण रीत इंडियानातल्या पर्ड्यूवाल्यांना, इलिनॉयमधल्या शॅम्पेनवाल्यांना, कुठल्याही छोट्या कॉलेज गावाला लागू पडते.

आधी ठरवा, नक्की काय शोधताय

मेक्सिकन या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि तिन्हींकडून एकच अपेक्षा ठेवली की चिडचिड होते.

एक म्हणजे चेन. चिपोटले १९९३ मध्ये डेन्व्हरला सुरू झालं, टाको बेल १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डाउनीला. परीक्षेच्या आठवड्यात रात्री साडेनऊला बरीटो बोल खायला काहीच हरकत नाही, मीही खूप खाल्लेत, पण ते वेगळं खाणं आहे.

दुसरं म्हणजे प्रत्येक गावात असतंच असतं ते बसून खायचं रेस्टॉरंट. भिंती रंगीत, बसल्याबसल्या फुकट चिप्स आणि पातळ साल्सा, म्हणजे त्यांची चटणी, मेन्यूत कॉम्बो नंबर १ ते ३०, सगळ्यावर वितळलेलं पिवळं चीज. याला नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंचं ते एक स्वतंत्र खाणं आहे, नाचोज तर सीमेलगतच्या पिएद्रास नेग्रास गावातच १९४० च्या दशकात इग्नासिओ आनाया नावाच्या माणसाने ऐनवेळी आलेल्या गिऱ्हाइकांसाठी जुळवले, आणि इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो म्हणून ते नाचोज. पण कॉम्बो नंबर ७ मध्ये तुम्हाला ठेच्याची चव सापडणार नाही.

तिसरं ते, जे मेक्सिकन माणसं स्वतःसाठी, आपल्या माणसांसाठी करतात. पुढचं सगळं या तिसऱ्याबद्दल आहे.

पहिली पायरी: रेस्टॉरंट नका शोधू, काम शोधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, बाकीच्या विसरलात तरी चालेल. छोट्या गावात चांगला स्वयंपाक तिथेच टिकतो जिथे त्या चवीत वाढलेलं गिऱ्हाईक रोज येतं. विद्यार्थी हे तसं गिऱ्हाईक नाही, तो स्वस्त आणि भरपूर मागतो आणि मे महिन्यात निघून जातो. त्यामुळे प्रश्न असा विचारायचा की आपल्या गावापासून तासाभरात मेक्सिकोतून आलेली माणसं कामाला कुठे आहेत? मिडवेस्टमध्ये उत्तर बहुतेक वेळा मीटपॅकिंग प्लांट असतं, दक्षिणेत कोंबड्यांचे प्लांट, कुठे डेअरी, कुठे मशरूम.

एम्सचं उदाहरण घ्या. हायवे ३० ने पूर्वेला चाळीसेक मैलांवर मार्शलटाउन आहे, गाव जेमतेम २७ हजारांचं, पण तिथे मोठा पोर्क प्लांट आहे आणि गेल्या तीसेक वर्षांत मिचोआकान राज्यातल्या वियाच्वातो नावाच्या एकाच खेड्यातून इतकी माणसं तिथे आली की दोन गावांचं नातंच झालंय. आपल्याकडे कसं एखाद्या गावची माणसं मुंबईत एकाच चाळीत सापडायची, तसंच. आता युनेस्कोने २०१० मध्ये मेक्सिकन स्वयंपाकाला वारसा म्हणून मान दिला तेव्हा नमुना म्हणून मिचोआकानचाच स्वयंपाक पुढे ठेवला होता. म्हणजे आयोवाच्या मक्यात बसून तुम्ही त्या वारशापासून पाऊण तासावर असता आणि कॅम्पसटाउनमध्ये, म्हणजे कॉलेजसमोरच्या दुकानांच्या भागात, रांगेत उभे राहता.

दुसऱ्या गावांचं सांगायचं तर पर्ड्यूवाल्यांनी फ्रँकफर्ट आणि लोगन्सपोर्टकडे बघावं, शॅम्पेन-अर्बानावाल्यांनी रँटूलकडे, फेयटव्हिलच्या आर्कान्सावाल्यांना तर शेजारीच स्प्रिंगडेल आहे, जॉर्जियात अथेन्सवाल्यांना गेन्सव्हिल. डेलावेअरला न्यूअर्कमध्ये शिकत असाल तर सीमेपलीकडे पेन्सिल्व्हेनियात केनेट स्क्वेअर, तिथे मशरूमच्या शेडमध्ये काम करणारी खूप कुटुंबं मेक्सिकन आहेत. यादी पाठ करू नका, तर्क लक्षात ठेवा. आणि हे चित्र बदलतंही, एम्सच्या नैऋत्येला पेरी नावाचं गाव आहे तिथला पोर्क प्लांट २०२४ च्या उन्हाळ्यात बंद पडला, १३०० च्या आसपास नोकऱ्या गेल्या, आणि प्लांट गेला की आज ना उद्या त्याच्यावर जगणाऱ्या दुकानांनाही झळ बसते. त्यामुळे जुन्या सीनियरने दिलेला पत्ता आधी फोन करून तपासा.

स्वतःच्या गावातही ही माणसं असतातच. छपरं बदलणारे, लँडस्केपिंगवाले, डायनिंग हॉलच्या मागच्या किचनमधले. दुपारी बाराला त्यांचा पिकअप ट्रक कुठे उभा असतो ते बघायचं. मला एम्समधला पहिला चांगला टाको, म्हणजे सारण घालून दुमडलेली छोटी टॉर्टिया, असाच मिळाला, आमच्या अपार्टमेंटचं छप्पर बदलत होते आणि चार-पाच जण एका गॅस स्टेशनच्या कोपऱ्यातून फॉइलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले, त्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला, मी खाली जाऊन सरळ विचारलं.

दुसरी पायरी: आधी किराणा दुकान

गाव सापडलं की रेस्टॉरंटच्या पाट्या बघत फिरू नका. तिएंदा शोधा, म्हणजे मेक्सिकन किराणा दुकान. बाहेर पैसे पाठवायच्या सर्व्हिसच्या आणि फोन कार्डाच्या पाट्या, आत येताच मेणबत्त्या आणि वाळक्या मिरच्यांची पाकिटं. सरळ मागच्या भिंतीपर्यंत जा. तिथे कार्निसेरिया असते, मटणाचं काउंटर, आणि पुष्कळ दुकानांत त्याच्याच शेजारी एक तवा आणि चार टेबलं असतात, बाहेर त्याची पाटीसुद्धा नसते. मी आयोवात खाल्लेल्यातलं सगळ्यात चांगलं निम्मं खाणं असल्याच टेबलांवर झालंय, एका बाजूला डिटर्जंटची पोती आणि दुसऱ्या बाजूला टीव्हीवर फुटबॉल.

हे तर्काला धरूनही आहे. ज्याचं मांस त्याचंच, ताजं, आणि गिऱ्हाईक आठवड्याचा बाजार करायला आलेलं, म्हणजे वाईट खिलवलं तर तो किराणाही दुसरीकडून भरेल.

दुकान चांगलं आहे का हे पाच मिनिटांत कळतं. कोथिंबीर बघा, जुडी टवटवीत हवी. तोमातियो बघा, हिरवा टोमॅटोसारखा दिसतो पण वर कागदी पापुद्रा असतो, तो चिकट-काळा पडलेला नको. नोपाल म्हणजे आपला फड्या निवडुंग, काटे सोलून ठेवलेला असेल तर गिऱ्हाईक पक्कं आहे समजा. टॉर्टिया कुठून येतात विचारा, सकाळी आलेली कागदात गुंडाळलेली गरम थप्पी मिळाली तर पुढचं काही वाचू नका, घेऊन गाडीतच एक खा.

तिसरी पायरी: फोनवर शोधायची रीत

इंग्रजीत बेस्ट मेक्सिकन टाकलं की कॅम्पसजवळची तीच तीन नावं येतात कारण रिव्ह्यू लिहिणारेही आपणच. त्याऐवजी ताकेरिया (टाकोचं दुकान), कार्निसेरिया, पानादेरिया (बेकरी), तिएंदा हे शब्द टाका, रोमन लिपीत स्पॅनिश स्पेलिंगने, आणि मॅप शेजारच्या गावावर सरकवून. स्टार बघू नका, फोटो बघा. गिऱ्हाइकांनी काढलेल्या फोटोत टॉर्टिया मऊ आणि छोटी, दोन-दोन एकावर एक, वर फक्त कांदा-कोथिंबीर, बाजूला लिंबू-मुळ्याच्या चकत्या असं दिसलं तर जायचं. कडक घडी केलेली पिवळी पुरी, लेट्यूस आणि चीजचा कीस दिसला तर ते दुसऱ्या प्रकारातलं.

चार स्टारवाल्या जागेच्या वाईट रिव्ह्यूत फुकट चिप्स दिले नाहीत, इंग्रजी नीट येत नाही, जागा साधी आहे, अशा तक्रारी असतील तर माझ्या मते ती शिफारसच आहे. पोट बिघडलं असं लिहिलं असेल तर मात्र तक्रार म्हणूनच घ्या.

या दुकानांना वेबसाइट नसते, फेसबुक पेज असतं, आणि आज काय केलंय, ट्रक कुठे उभा आहे हे सकाळी तिथेच पडतं.

चौथी पायरी: घड्याळ आणि कॅलेंडर

इथेच आपली मुलं चुकतात. मंगळवारी रात्री आठला जातात, पावभाजीच्या वेळेला, आणि म्हणतात काही खास नव्हतं. खास असतं शनिवार-रविवारी सकाळी. मेनुदो, पोसोले, बिर्रिया हे रात्रभर शिजणारे मांसाचे रस्से वीकेंडलाच होतात आणि दुपारी एकपर्यंत संपतात. कार्नितास म्हणजे डुकराच्याच चरबीत मोठ्या कढईत मंद तळलेलं मांस, मिचोआकानची खासियत, ती वजनावर मिळते, पाउंडाने घ्यायची आणि सोबत टॉर्टियाची थप्पी. रविवारी चर्च सुटल्यावर सगळी कुटुंबं येतात, त्याच्या अर्धा तास आधी पोचा.

वर्षाचं गणितही आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांच्या आसपास पानादेरियात पान दे मुएर्तो मिळतो, वर हाडांचा आकार केलेला गोडसर पाव, आणि त्या दिवसांचा भाव आपल्या सर्वपित्रीला बराच जवळचा आहे, गेलेल्यांसाठी त्यांच्या आवडीचं मांडून ठेवणं. डिसेंबरभर तमालेस, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून पानात गुंडाळून उकडलेले, डझनाने ऑर्डर घेतात, ओळखीच्या बाईंकडून घरचे मिळाले तर नशीब. सहा जानेवारीला रोस्का, कड्याच्या आकाराचा गोड पाव.

शाकाहाऱ्यांनी मात्र ईस्टरच्या आधीचे शुक्रवार कॅलेंडरवर खूण करून ठेवावेत. लेंटमध्ये शुक्रवारी मांस खात नाहीत, त्यामुळे एरवी मेन्यूत नसलेले निवडुंगाचे, चीज भरलेल्या मिरचीचे प्रकार बाहेर येतात, मासे-कोळंबी चालते त्यांना म्हणून तेवढं विचारायचं. एकप्रकारे त्यांचा श्रावणच.

पाच मेला जाऊ नका. सिंको दे मायो हा १८६२ च्या पुएब्लाच्या लढाईचा दिवस, अमेरिकेत त्याची पार्टी होते, गर्दी, दारू आणि घाईत केलेलं जेवण. त्यांचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो, तेव्हा जा, खाणंही चांगलं आणि कधी कधी गाणीबजावणीही.

पाचवी पायरी: मेन्यू वाचायला शिका

स्पॅनिश न येताही हे जमतं कारण आपल्याकडे सगळ्याला शब्द आहेत. पोयो म्हणजे चिकन. आसादा म्हणजे भाजलेलं बीफ. पास्तोर म्हणजे उभ्या सळईवर फिरवत भाजलेलं पोर्क, लेबनॉनहून मेक्सिकोत आलेल्या लोकांच्या शवर्माचाच हा अवतार, वर अननसाची फोड. लेंग्वा म्हणजे जीभ, काबेसा म्हणजे मुंडी, त्रिपा म्हणजे आतडी, आणि मेनुदो म्हणजे सरळ वजडीचा लाल रस्सा. घरी वजडी खाणारे असाल तर मेनुदोचा पहिला घोट घेताना बरं वाटेल, खात नसाल तर वासानेच कळेल. मी पहिल्या खेपेला शेजारच्या टेबलावर बोट दाखवून मागवला होता आणि वाडगा समोर आल्यावर माझ्या मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, त्याचाही वाडगा मीच संपवला.

लेंग्वा, काबेसा, त्रिपा मेन्यूवर आहेत म्हणजे ती जागा स्वतःच्या लोकांसाठी चालते. तुम्ही ते खायलाच पाहिजे असं नाही. दुसरी खूण म्हणजे मेन्यू लहान आणि भिंतीवर हाताने लिहिलेला. तिसरी म्हणजे साल्साचे निदान दोन प्रकार, आणि ते बाटलीतून नाही तर वाडग्यातून.

सहावी पायरी: पहिली ऑर्डर म्हणजे परीक्षा

पहिल्या दिवशी बरीटो मागवू नका. त्यात भात, बीन्स, क्रीम, सगळं एकत्र कोंबलेलं असतं, कुणाचंच पाणी जोखता येत नाही. वेगवेगळे तीन टाको घ्या, मी होते तेव्हा एक अडीच-तीन डॉलरला पडायचा, आणि एक आग्वा फ्रेस्का. आग्वा म्हणजे सरबत. तामारिंदो तर नावातच चिंच आहे, हामाइका म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं आंबट सरबत, ओर्चाता तांदळाचं दालचिनी घातलेलं.

आधी टॉर्टिया नुसती खाऊन बघा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग दळतात, त्याला निश्तामाल करणं म्हणतात, त्यामुळेच पीठ चिकट होऊन थापता येतं आणि त्या चुन्यामुळेच तो विशिष्ट वास येतो, पावसाचे पहिले थेंब पडल्यासारखा. तो वास यायला हवा, तव्यावरचे एक-दोन डाग हवेत, आणि वाकवल्यावर मोडायला नको. थंड, ओलसर, कडा फाटलेली आली तर पुढे मांस कितीही चांगलं असो, मी परत जात नाही.

मग साल्सा. हिरवा तोमातियोचा आंबट, लाल चिले दे आर्बोलचा तिखट. आर्बोल म्हणजे आपल्या झणझणीत लाल मिरचीच्या जवळचा, ग्वाहियो म्हणजे ब्याडगीसारखा, रंग जास्त तिखटपणा कमी. टेबलावर काळपट लाल, तेलात बुडालेली, शेंगदाणे दिसणारी चटणी असेल तर ती साल्सा माचा. सोलापूरकरांनो, ही आपली शेंगाचटणी आहे हो! मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कधी तीळ, तेलात परतून वाटलेले. मार्शलटाउनला पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी चमच्याने खाल्ली आणि काउंटरवरच्या ताईंनी काळजीने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. तोस्तादा, म्हणजे कडक केलेली टॉर्टिया, तिच्यावर ही चटणी लावून खा आणि कडक भाकरी आठवते का सांगा.

ठेचा मिळत नाही असं वाटत असेल तर चिलेस तोरेआदोस मागा. अख्ख्या मिरच्या तव्यावर फोड येईपर्यंत भाजून वर मीठ-लिंबू. काही ठिकाणी विचारल्याशिवाय देत नाहीत, विचारलं की खूश होतात.

सातवी पायरी: शाकाहारी असाल, बीफ नको असेल तर

हा भाग नीट वाचा कारण माझी रूममेट पक्की शाकाहारी होती आणि एका ठिकाणी, नाव नाही सांगत, सहा महिने ती ज्या बीन्सवर जगत होती त्यात डुकराची चरबी होती. त्यांनी फसवलं नव्हतं, आम्ही विचारलंच नव्हतं. आम्ही विचारलं होतं मांस आहे का, आणि मांस नव्हतंच.

घोळ शब्दाचा आहे. कार्ने म्हणजे मांस, पण रोजच्या बोलण्यात बऱ्याचदा फक्त लाल मांस. सिन कार्ने म्हटलं की समोरून येतं, मग पोयो देऊ? आपल्याकडे कसं नॉनव्हेज नको म्हटल्यावर विचारतात, अंडं चालेल ना, तसंच. म्हणून एकेक विचारायचं. बीन्ससाठी, लोस फ्रिहोलेस येवान मांतेका? मांतेका म्हणजे चरबी. भातासाठी, एल आरोस येवा काल्दो दे पोयो? लाल भात पुष्कळदा चिकनच्या स्टॉकमध्ये किंवा त्याच्या पावडरीत शिजवतात, दिसायला तो आपल्या टोमॅटो राइससारखा निष्पाप दिसतो. तमालेसच्या पिठातही मांतेका घालायची पद्धत आहे, आत नुसतं चीज-मिरची असली तरी. मैद्याच्या टॉर्टियातही असू शकते. मक्याची टॉर्टिया मात्र नुसती मका, चुना, पाणी, ती खुशाल खा.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. केसादिया, म्हणजे दुमडून भाजलेली टॉर्टिया, आत चीजसोबत मशरूम किंवा मिळाली तर भोपळ्याची फुलं. नोपालचे टाको, निवडुंग थोडा भेंडीसारखा बुळबुळीत, थोडा आंबट, मला आवडतो, रूममेटला नाही आवडला. राहास म्हणजे पोब्लानो मिरचीच्या भाजलेल्या पट्ट्या क्रीममध्ये. चिले रेयेनो म्हणजे चीज भरलेली मिरची, पण तिला अंड्याचं आवरण असतं. एलोते म्हणजे भाजलेलं किंवा उकडलेलं कणीस, आपण तिखट-मीठ-लिंबू लावतो, ते आधी मेयोनेझ आणि चीज लावतात, नको असेल तर सिन मायोनेसा. फळांच्या गाडीवर आंबा-काकडीवर ताहिन, म्हणजे मिरची-लिंबाची पूड, भुरभुरवून देतात, ते ओळखीचंच, शाळेबाहेरचा पेरू आणि तिखटमीठ.

तवा एकच असतो हे मात्र गृहीत धरा. ज्यांना ते चालत नाही त्यांनी दुकानातलं सामान घेऊन घरी करणं बरं.

बीफ न खाणाऱ्यांसाठी शब्द एकच, रेस. एस दे रेस? असं विचारायचं. आसादा, लेंग्वा, सुआदेरो बीफच. बार्बाकोआ आणि बिर्रिया इथे फसायला होतं, मेक्सिकोत बार्बाकोआ बऱ्याच भागांत मेंढीचा आणि बिर्रिया मूळ हालिस्कोत बोकडाची, पण अमेरिकेत दोन्ही बहुतेक ठिकाणी बीफचे करतात. चीवो असं लिहिलेलं असेल तर बोकड, आणि ती बिर्रिया सोबतच्या वाटीभर कोन्सोमेसकट, म्हणजे रश्श्यासकट, मिळाली तर कुणाशी शेअर करू नका.

आठवी पायरी: बोलायचं कसं, आणि काय बोलायचं नाही

आत शिरताना बुएनास तार्देस म्हणा, सकाळी बुएनोस दियास. एवढं म्हणून मग इंग्रजीत बोललात तरी वागण्यात फरक पडतो. पारा आकी इथे खायला, पारा येवार पार्सल. कोन तोदो म्हणजे सगळं घालून. बाईंना सेन्योरा. तिखट चालतं हे सांगावं लागतं, आपल्याला बघून कधी कधी सौम्य साल्सा पुढे करतात, तेव्हा ला के पीका म्हणा, जी झोंबते ती. एकदा खाऊन दाखवलंत की मागच्या फ्रिजमधला डबा बाहेर येतो.

कुठून आलात असं उगाच खोदून विचारू नका, फोन काढून आत बसलेल्या माणसांचे व्हिडिओ करू नका. मार्शलटाउनच्या प्लांटवर १२ डिसेंबर २००६ ला इमिग्रेशनची मोठी धाड पडली होती, तोही नेमका ग्वादालुपेच्या देवीचा सणाचा दिवस, आणि अशा गोष्टी गाव विसरत नाही. आपणही व्हिसावरच आहोत, अनोळखी माणसाने कागदांबद्दल विचारलं तर कसं वाटतं ते आपल्याला ठाऊक आहे. जेवणाबद्दल विचारा, हवं तेवढं सांगतात. पाच डॉलरच्या नोटा सोबत ठेवा, काही ठिकाणी कार्ड चालत नाही, आणि काउंटरवर टिपचा डबा असतो.

नववी पायरी: गाडी नसेल तर

एम्समध्ये सायराइडची बस विद्यार्थ्यांना फुकट आहे पण ती गावातच फिरते, मार्शलटाउनला नेत नाही. पहिल्या वर्षी उपाय एकच, गाडीवाला सीनियर पकडायचा आणि पेट्रोल-जेवण आपल्याकडे. चौघांत खर्च अगदी किरकोळ येतो. परतताना अंधार नको, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हायवेवर हरणं येतात. जानेवारीत उणे वीसला ट्रक बहुतेक बंदच असतात, तेव्हा फोन केल्याशिवाय निघू नका. डिकीत कूलर बॉक्स ठेवा, कारण आठवी पायरी संपल्यावर तुम्ही परत दुसऱ्या पायरीवरच्या दुकानात शिरणार.

शेवटची पायरी: सामान घरी आणा

काय आणायचं: मासा हरीनाचं पाकीट, म्हणजे चुन्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ. मासेका नावाचा ब्रँड सगळीकडे मिळतो, आमच्या हाय-व्ही सुपरमार्केटमध्येसुद्धा होता. साधं मक्याचं पीठ किंवा कॉर्नस्टार्च घेऊ नका, त्याची टॉर्टिया होत नाही, मी करून बघितलंय. आर्बोल आणि ग्वाहियो मिरच्या, केसो फ्रेस्को म्हणजे ताजं पांढरं चीज, तोमातियो, आणि पिलोन्सियो दिसला तर तोही, तो गूळच आहे, संक्रांतीला मी त्याचेच लाडू केले होते.

दोन कप मासा हरीनाला दीड कप कोमट पाणी आणि मीठ. मळून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. लिंबाएवढा गोळा, झिपलॉकची पिशवी कापून तिच्या दोन पदरांत ठेवायचा आणि जड सपाट पातेल्याने दाबायचा. हातावर थापायला जाऊ नका, आपला हात भाकरीच्या पिठाचा, हे पीठ तसं ताणत नाही. कडा चिरल्या तर पाणी कमी आहे, पिशवीला चिकटली तर जास्त. तवा चांगला तापलेला हवा. भाकरीसारखं वरून पाणी लावायचं नाही. अर्ध्या मिनिटात उलटा, मग मिनिटभर, मग परत उलटून बोटाने हलकं दाबा, बरी जमली असेल तर फुगते. लगेच फडक्यात गुंडाळा, पाच मिनिटं वाफेत राहू द्या, खरा मऊपणा तिथे येतो.

उरलेल्या टॉर्टिया दुसऱ्या दिवशी वाळतात, टाकू नका. शिळ्या भाकरीचा कुस्करा करतो तसंच हे: तुकडे करून तेलात कुरकुरीत परता, वरून तोमातियो, मिरची, लसूण उकडून वाटलेला हिरवा साल्सा ओता, एकदा खदखदला की गॅस बंद, वर कांदा आणि केसो फ्रेस्को. याला चिलाकिलेस म्हणतात. फार वेळ शिजवलंत तर लगदा होतो, म्हणून सगळ्यांना आधी ताटावर बसवा आणि मगच साल्सा ओता.